न बोलणाऱ्या पेशंटचं हॉस्पिटल

साहित्य मंडळाच्या ई-अंकात जनावरांच्या दवाखान्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण आपण साहित्याचे विद्यार्थी वर्गात ज्या प्रश्नावर सारखे वाद घालतो, तोच प्रश्न इथेही आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याची बाजू कोण मांडणार? लेखक ती शब्दांतून मांडतो. वास्तुविशारदाला मात्र भिंती, दारं, उतार आणि उजेड यांतूनच ती मांडावी लागते. विद्यापीठाचं पशुवैद्यकीय हॉस्पिटल कसं बांधतात हे वाचायला लागले, तेव्हा ही गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती तुम्हालाही सांगावीशी वाटली.

आधी थोडा इतिहास

पशुवैद्यक शिकवणारी जगातली पहिली शाळा फ्रान्समध्ये लियाँ शहरात निघाली. क्लोद बूर्झला या घोड्यांच्या जाणकार माणसाला १७६१ साली तिची परवानगी मिळाली. त्या काळात युरोपात बुळकांडीच्या साथीने गुरं पटापट मरत होती. गावंच्या गावं उघडी पडत होती, त्यामुळे सरकारलाही या शाळेची निकड पटली. म्हणजे या शिक्षणाची सुरुवातच गोठ्यातल्या संकटातून झाली.

आपल्याकडचं जुनं उदाहरण मुंबईत परळला आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल आणि १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय एकाच आवारात आहेत. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी पत्नीच्या नावाने त्या हॉस्पिटलला देणगी दिली होती. इथे आधी हॉस्पिटल उभं राहिलं आणि मग कॉलेज आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण पशुवैद्यक नुसतं पुस्तकातून शिकता येत नाही. समोर लंगडणारा बैल पाहिजे, पोट फुगलेली म्हैस पाहिजे, औषध पाहिलं की पळणारं मांजर पाहिजे. म्हणूनच आज भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमांनुसार प्रत्येक पशुवैद्यकीय कॉलेजला स्वतःचं शिकवण्याचं चिकित्सालय असावंच लागतं.

‘थिएटर’ या शब्दाची गंमत

मराठीत आपण ‘शस्त्रक्रियागृह’ लिहितो, पण बोलताना ‘ऑपरेशन थिएटर’च म्हणतो. नाटकाचा हा शब्द हॉस्पिटलमध्ये शिरला कसा? इटलीत पादुआ विद्यापीठात सोळाव्या शतकाच्या शेवटी शवविच्छेदनासाठी एक लंबगोल खोली बांधली गेली. मधोमध टेबल आणि भोवती एकावर एक चढत जाणारे सज्जे, त्यांत विद्यार्थी कठड्याला टेकून उभे. लंडनमध्ये १८२२ सालचं असंच एक जुनं ऑपरेशन थिएटर आजही बघायला मिळतं. तिथे सगळ्यांना नीट दिसावं म्हणून खरोखरच नाट्यगृहासारखी रचना होती.

पुढे जंतूंचा शोध लागला आणि हे प्रेक्षक खोलीबाहेर गेले. पण शिकवणाऱ्या हॉस्पिटलची अडचण तिथेच सुरू झाली. विद्यार्थ्याला जवळून बघायचं असतं. घाबरलेल्या जनावराला माणसं लांब हवी असतात. आणि जखमेच्या दृष्टीने तर खोलीत जितके कमी लोक तितकं बरं. या तीन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. असं हॉस्पिटल बांधणाऱ्याला त्या तिन्ही एकाच नकाशात बसवायच्या असतात. यापुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या एका ओढाताणीतूनच आलेलं आहे.

एकाच विद्यापीठाची दोन हॉस्पिटलं

नमुना म्हणून अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं पशुवैद्यकीय कॉलेज घेऊ. ते १८८४ साली सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फिया शहरात कोप अँड स्टीवर्डसन या वास्तुविशारदांनी त्याच्यासाठी एक चौकोनी इमारत बांधली. मधे मोकळं आवार आणि चारी बाजूंनी खोल्या. आपल्या जुन्या वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. घोडागाडीच्या काळात हे सोयीचं होतं. घोडा आवारात आणायचा, चालवून बघायचा, लंगडतो कुठल्या पायाने ते मुलांना दाखवायचं.

मग शहरात मोटारी आल्या, घोडे गेले आणि गायी आणखी लांब गेल्या. १९५२ साली विद्यापीठाने शहराबाहेर, केनेट स्क्वेअरजवळ, न्यू बोल्टन सेंटर हे शेतीचं मोठं आवार घेतलं. तेव्हापासून कामाची वाटणी झाली. कुत्री-मांजरं शहरातल्या हॉस्पिटलमध्ये, घोडे आणि गुरं न्यू बोल्टनला. पेशंट राहतो तिथे हॉस्पिटल असावं, हा विचार यामागे आहे. अर्धा टन वजनाचा आजारी प्राणी गर्दीच्या रस्त्यांतून आणणं हीच त्याला एक शिक्षा असते.

मोठं दार, मऊ भिंत

मोठ्या जनावरांच्या हॉस्पिटलमध्ये सगळ्या मोजमापांची सुरुवात जनावराच्या अंगापासून होते. वाड्याच्या दरवाज्याला जशी माणसांसाठी छोटी दिंडी आणि हत्ती-घोड्यांसाठी अख्खा दरवाजा असायचा, तसंच इथे आहे. ट्रक थेट आत येईल एवढं दार, ट्रकच्या फळीच्या उंचीचा धक्का आणि घोडा सहज वळेल एवढा रुंद मार्ग.

जमीन हा तर वेगळाच विषय आहे. चकचकीत फरशी आपल्याला स्वच्छ वाटते, पण गायीसाठी ती धोक्याची. ओल्या फरशीवर मागचे पाय फाकून गाय पडली की मांडीचे स्नायू फाटतात, आणि अशी गाय पुन्हा उभी राहीलच असं सांगता येत नाही. खडबडीत जमीन करावी तर शेण आणि जंतू खाचांत अडकून बसतात. म्हणून सांधे नसलेली, रबरासारखी ओतीव जमीन करतात. ती पाय धरते आणि धुताही येते. तिला गटाराकडे हलकासा उतार देतात. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे कोपरा न ठेवता गोलाई देतात, म्हणजे झाडू किंवा पाण्याचा फवारा पोचणार नाही अशी जागाच उरत नाही. गटारात चारा आणि केस अडकतात, म्हणून जाळी अशी लावायची की रोज उचलून साफ करता यावी. नकाशात या गोष्टी एका रेघेएवढ्या दिसतात, पण हॉस्पिटल चालतं त्यांच्यावरच.

आपल्याकडे गावच्या गुरांच्या दवाखान्याबाहेर लोखंडी नळ्यांचा खोडा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्यात म्हैस उभी करतात आणि डॉक्टर बाजूने तपासतात. हा खोडा म्हणजे या वास्तुकलेचं सगळ्यात साधं रूप आहे. माणूसही सुरक्षित आणि जनावरही. पण त्या खोड्यात म्हैस जायलाच तयार नसते, तेव्हा चार जण शेपटी पिरगाळत बसतात. कॉलराडो स्टेट विद्यापीठातल्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. जनावर अडतं कशाला, हे समजायला त्या स्वतः गुरांच्या वाटेत उतरल्या आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघू लागल्या. तेव्हा कारणं दिसली. जमिनीवर पडलेली सावली, चमकणारं पाणी, वाऱ्यावर हलणारी साखळी, मधेच आलेली गटाराची जाळी. माणसाच्या लक्षातही येत नाहीत अशा या गोष्टी. म्हणून जनावरांची वाट बाजूंनी बंद, वळणाची आणि सारख्या उजेडाची असावी, असं त्यांचं सांगणं. अंधारातून एकदम झगझगीत उन्हात किंवा उन्हातून एकदम अंधारात जनावर जात नाही. खोडा उन्हात ठेवायचा की झाडाच्या तुटक सावलीत, याचाही विचार करावा लागतो तो यामुळेच.

घोडा जागा होतो तेव्हा

सगळ्यात अवघड प्रसंग ऑपरेशननंतर येतो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. भूल उतरताना अर्धवट शुद्धीत तो पहिलं काम करतो ते उठून पळायचं. पाय अजून ताब्यात नसतात. तो धडपडतो, आपटतो, आणि आताच जोडलेलं हाड पुन्हा मोडू शकतो. डॉक्टरांनी पाच तास केलेलं काम एका मिनिटात वाया जातं.

म्हणून भूल द्यायच्या आणि शुद्धीवर आणायच्या खोल्यांच्या भिंती गादीसारख्या मऊ असतात. पुष्कळदा त्या खोल्या अष्टकोनी करतात, म्हणजे काटकोन राहत नाही. छताला लोखंडी रूळ असतो. त्यावरच्या यारीने बेशुद्ध घोडा उचलून टेबलावर नेतात आणि परत आणतात. एवढं वजन तासन्‌तास एका कुशीवर राहिलं तर खालचे स्नायू दबून निकामी होतात, म्हणून टेबलही जाड गादीचं लागतं.

न्यू बोल्टनच्या लोकांनी आणखी पुढची युक्ती केली. त्यांनी शुद्धीवर यायला तलाव बांधला. ऑपरेशन झालेल्या घोड्याला झोळीत घालून छताच्या रुळावरून आणतात आणि रबरी तराफ्यात बसवतात. त्या तराफ्याला चार पायांसाठी चार पिशव्या असतात, त्यामुळे पाय कोरडे राहतात. तराफा कोमट पाण्यावर तरंगतो. घोडा जागा होऊन पाय झाडायला लागला तरी पाय पाण्यातच हलतात, आपटायला काही नसतं. तो पूर्ण सावध झाला की झोळीसकट वर उचलून मऊ खोलीत उभा करतात.

२००६ साली ही जागा साऱ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिली. बार्बारो नावाच्या घोड्याने ६ मे रोजी केंटकी डर्बी ही मोठी शर्यत जिंकली होती. दोन आठवड्यांनी, २० मेला, बाल्टिमोरच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. हाडाचे वीसहून जास्त तुकडे झाले होते. दुसऱ्या दिवशी न्यू बोल्टनला डॉ. डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि दोन डझनांहून जास्त स्क्रू घालून तो पाय जोडला, आणि बार्बारो त्या तलावात शांतपणे जागा झाला. पण गोष्ट इथे संपली नाही. दुखऱ्या पायावरचा भार चांगल्या पायांवर आला, खुरांच्या आतला भाग सुजू लागला आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला चिरनिद्रा द्यावी लागली. तरीही माझ्या मते तो तलाव हरला नाही. शुद्धीवर येतानाचा धोका टाळण्यासाठी तो बांधला होता आणि त्याने तेवढं काम चोख केलं. इमारत उपचाराला आठ महिन्यांचा वेळ मिळवून देऊ शकली. आयुष्य देणं तिच्या हातात नव्हतं.

वाट बघायची खोली

आता छोट्या जनावरांकडे येऊ. आमचा बोका आजारी पडला तेव्हा एका दवाखान्यात आम्ही तासभर बसलो होतो. खोली एकच. बोक्याची टोपली जमिनीवर, आणि समोर साखळीला हिसके देणारा अल्सेशियन. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत बोका इतका घाबरला होता की त्याच्या छातीचे ठोके आजारामुळे वाढलेत की भीतीमुळे, हे डॉक्टरांनाही ठरवता येईना.

म्हणजे वाट बघायची खोली हा तपासणीचाच भाग आहे. नव्या हॉस्पिटलांत कुत्र्यांची आणि मांजरांची बसायची जागा वेगळी असते, निदान मधे आडोसा तरी असतो. मांजराला उंचावर सुरक्षित वाटतं, म्हणून टोपली ठेवायला कट्टा किंवा फळी करतात. आवाजाचाही विचार करावा लागतो. बंद खोलीत बरीच कुत्री एकदम भुंकू लागली तर आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. शिवाय माणसाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजार आणि मांजराला तर ६० हजारांच्याही पुढे. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत एखादं यंत्र किंवा दिवा त्यांच्या कानात सतत किरकिरत असू शकतो. म्हणून छताला आवाज शोषणारे तक्ते लावतात आणि कुत्र्यांचे पिंजरे समोरासमोर ठेवत नाहीत, कारण एकाने दुसऱ्याला पाहिलं की सगळी आळी भुंकायला लागते!

जंतूंची वाट

न्यू बोल्टनचीच दुसरी गोष्ट सांगते, ती कमी कौतुकाची आहे. २००४ साली तिथल्या मोठ्या जनावरांच्या हॉस्पिटलमध्ये साल्मोनेलाची साथ पसरली. बऱ्याच औषधांना दाद न देणारा प्रकार होता तो. सुमारे ६० जनावरांना लागण झाली आणि त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त दगावली. हॉस्पिटल बंद करून सगळं निर्जंतुक करावं लागलं. नुकसान ४० लाख डॉलरच्या वर गेलं.

हे जंतू शेणातून पडतात आणि जमिनीच्या भेगांत, गटारांत, बुटांच्या तळव्यांवर टिकून राहतात. म्हणून अशा हॉस्पिटलात संसर्गाच्या पेशंटला मुख्य दारातून आणतच नाहीत. त्याचा ट्रक वेगळ्या दारापाशी लागतो. तिथे प्रत्येक खणाला स्वतःचं दार, स्वतःचं गटार, स्वतःची खोरी-झाडू. आत जाण्याआधी एक छोटी मधली खोली, जिथे कपडे आणि बूट बदलायचे, पाय औषधी पाण्यात बुडवायचे. हवेचा दाब आत कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेरून आत जाते, आतली बाहेर येत नाही. २०१० साली न्यू बोल्टनला अतिदक्षतेसाठी मोरन सेंटर सुरू झालं, त्यात संसर्गाच्या पेशंटांसाठी असा वेगळा विभाग आहे. मेलेलं जनावर शवविच्छेदनाला नेण्याची वाटही वेगळी ठेवतात. ती जिवंत पेशंटांच्या वाटेला कुठेही छेदत नाही.

आणि विद्यार्थी कुठे उभा राहणार?

साध्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत तीन जण मावले की झालं. इथे डॉक्टर, मालक, जनावर आणि पाच-सहा विद्यार्थी, सगळे मावायला पाहिजेत, तेही जनावर न बिथरता. म्हणून खोली मोठी करतात, पण टेबल दारापासून लांब ठेवतात. ऑपरेशनच्या खोलीला काचेची भिंत किंवा वरून बघायची गॅलरी असते आणि कॅमेऱ्यातून पडद्यावर जवळचं दिसतं. पादुआचे सज्जे काचेच्या मागे गेले, एवढाच काय तो फरक.

आणखी एक खोली लागते आणि पैसे कमी पडले की पहिली तीच कापली जाते. पेशंट बघून झाल्यावर विद्यार्थी आणि शिक्षक बसून बोलतात ती चर्चेची खोली. ती वॉर्डाच्या अगदी शेजारी पाहिजे. तिथे विद्यार्थी मोकळेपणी प्रश्न विचारतात, चुकतात, पुन्हा विचारतात. मालकासमोर आणि रडणाऱ्या लहान मुलासमोर हे बोलणं होऊ शकत नाही.

मागचं दार

शेवटी ज्या खोलीबद्दल वाचून मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, तिच्याबद्दल. काही पेशंट बरे होणार नसतात. माणसांच्या हॉस्पिटलात डॉक्टर मृत्यूची वाट बघतात, इथे मात्र कधीकधी मालकाला ‘हो’ म्हणावं लागतं. त्यासाठी एक शांत खोली असते. टेबलाऐवजी सतरंजी किंवा सोफा, सौम्य उजेड, जमिनीवर बसायला जागा. आणि त्या खोलीला दुसरं दार असतं, थेट बाहेर उघडणारं. रिकामा पट्टा हातात घेऊन मालकाला गजबजलेल्या खोलीतून, इतरांच्या नजरांमधून, बिलाच्या खिडकीपुढून जावं लागू नये, म्हणून.

या दाराला यंत्र लागत नाही, फार खर्चही येत नाही. नकाशा काढताना कुणीतरी त्या माणसाचा विचार केलेला असावा लागतो, बस्स. आपल्याकडे तलाव आणि यारी परवडणार नाहीत हे मान्य. पण वेगळा आडोसा, टोपलीसाठी फळी, न घसरणारी जमीन, आजारी गुरांसाठी वेगळं फाटक आणि हे मागचं दार, एवढं तर जमण्यासारखं आहे. आपल्या बेळगाव भागात घरटी दुभतं जनावर असलेली कितीतरी गावं आहेत, आणि म्हैस गेली तर त्या घराचा महिन्याचा हिशोबच कोलमडतो. तिथला शेतकरी पहाटे टेम्पोत म्हैस घालून निघतो तेव्हा डॉक्टर हुशार असावा एवढंच त्याच्या मनात असतं. म्हैस टेम्पोतून नीट उतरेल का, घसरेल का, शेजारच्या खोड्यातला रोग घेऊन घरी परतेल का, हे मात्र ती जागा बांधणाऱ्याने कित्येक वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी जनावर घेऊन कुठल्याही दवाखान्यात गेलात तर थोडं थांबून बघा. जमीन कशी आहे, गटाराचा उतार कुठे आहे, दारं किती आहेत, मांजराला बसायला उंच जागा आहे का. आणि शक्य असेल तर एकदा खाली वाकून, जनावराच्या उंचीवरून ती जागा बघा.